पंचावन्न माणसांची कंपनी, १,९०० कोटी डॉलर

फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ५५ माणसं काम करत होती. दहाएक जण उभे राहिले असते, तर एसटीच्या एका गाडीत अख्खी कंपनी मावली असती! किंमत ठरली १,९०० कोटी डॉलर. आणि आदल्या वर्षीचं उत्पन्न? जेमतेम एक कोटी डॉलर. वर तोटा १३ कोटींहून जास्त.

मग फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी घेतलं तरी काय? कारखाना नाही, जमीनजुमला नाही. निरोप तर फेसबुकही पोचवत होतंच. घेतली ती माणसं: दरमहा ४५ कोटी वापरकर्ते. माणशी भाव पडला ४२ डॉलर.

पण नुसती डोकी मोजून हा हिशेब लागत नाही. दहा जणांत जोड्या होतात ४५, शंभर जणांत ४,९५०, हजारात ४,९९,५००. दहाचे हजार झाले, म्हणजे माणसं शंभर पट झाली, तर जोड्या होतात ११,१०० पट! म्हणूनच उद्या कुणी याहून दुप्पट चांगलं अ‍ॅप काढलं, तरी आपण हलत नाही. मामी इथे, शाळेचा ग्रुप इथे, प्लंबरसुद्धा इथेच. आणि हे जाळं विणलं कुणी? आपणच. फोनमधल्या नंबरांची यादी आपण हौसेनं हवाली केली, तीही फुकटात.

या जाळ्याची वाढ झुकरबर्ग यांना आधीच दिसत होती. २०१३ मध्ये फेसबुकने ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली होती. तिचं अ‍ॅप लोक आपला डेटा जपण्यासाठी वापरत. आणि त्यातूनच फेसबुकला कळे, कोणतं अ‍ॅप किती चालतंय. ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांत या माहितीचे तक्ते आहेत. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं, असं झुकरबर्ग यांनी २००८ मध्येच एका ईमेलमध्ये लिहून ठेवलं होतं.

अशी खरेदी होऊ द्यावी का? माझ्या मते ही व्हायला नको होती. दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीने जुळवता येणार नाहीत, असं फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं आणि २०१४ मध्ये परवानगी मिळवली. दोन वर्षांत खाती जोडण्याची सोय आलीच. २०१७ मध्ये आयोगाने दिशाभूल केल्याबद्दल ११ कोटी युरो दंड केला; खरेदी मात्र कायम राहिली. अमेरिकी सरकारने खटला भरला तो डिसेंबर २०२० मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी निकाल दिला, की टिकटॉक आणि यूट्यूब समोर असताना मेटाची, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीची, आज मक्तेदारी नाही. आजच्या बाजाराबद्दल ते बरोबर असतीलही. पण प्रश्न विचारायची वेळ २०१४ चीच होती.

तेव्हा आपल्याकडे अशा व्यवहाराला मंजुरी लागते का, हे ठरवताना बघत ते मालमत्ता आणि उलाढाल. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कंपनीकडे त्या असणार कुठून? सप्टेंबर २०२४ पासून नियम बदलला आहे. व्यवहार २,००० कोटी रुपयांहून मोठा असेल आणि त्या डिजिटल सेवेचे किमान दहा टक्के वापरकर्ते भारतात असतील, तर उलाढाल कितीही किरकोळ असो, खरेदीआधी स्पर्धा आयोगाची मंजुरी घ्यावी लागते.