‘जरा कुरबुर झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

वस्तीत भांडणाला शब्दांचा तुटवडा नाही. सासू-सुनेची कुरबुर, जावाजावांची धुसफूस, म्हाताऱ्या माणसाची किरकिर, नळावरची बाचाबाची. आवाज चढला की हमरीतुमरी, आणि मधे कुणी काडी घातली की कलागत. आम्ही आरोग्याचं काम करणाऱ्या बाया घरोघर फिरतो, तेव्हा हे शब्द रोज कानावर पडतात. आरोग्याच्या पानावर त्यांचं काय काम, असं तुम्हांला वाटेल. पण तपासायला बसलेली बाई आधी शब्द सांगते, दुखणं त्याच्या मागे दडलेलं असतं.

कुणाच्या भांडणाला कुठला शब्द लागतो तेही बघा. टॉवरमधली माणसं गाडी लावण्यावरून भांडली तर ते ‘मतभेद’. पुरुष चौकात भांडले तर ‘वाद’. बाई बोलली की ‘कटकट’. आणि आपल्या बाया पाण्यासाठी बोलल्या की ‘नळावरचं भांडण’, म्हणजे साऱ्या गावाला हसायला विषय!

त्या नळाचा एकदा हिशोब मांडू या. मिनिटाला पाच लिटर पाणी पडत असेल, तर पंधरा लिटरचा हंडा भरायला तीन मिनिटं लागतात. पाणी तासभरच असेल, तर वीस हंडे भरतात. रांगेत चाळीस हंडे असले, की वीस हंडे रिकामे घरी जाणार. यात बायांचा स्वभाव कुठे आला? पहाटे चारला उठलेली, पोटात चहासुद्धा न गेलेली बाई आपला नंबर गेला म्हणून ओरडली, तर तिचा आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू येतो. कमी दाबाची पाइपलाइन कुणाला दिसत नाही.

पाण्याचं भांडण हलकं नसतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण सांगितलं आहे ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या तंट्याचं. संघ युद्धाला निघाला होता. सिद्धार्थ म्हणाला, आपले दोघं आणि त्यांचे दोघं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. तो तोडगा तेव्हा संघानं मानला नाही. आपल्या गल्लीत मात्र तो करून बघता येईल. वरच्या गल्लीतल्या दोन बाया, खालच्या गल्लीतल्या दोन आणि चौघींना पटेल अशी पाचवी. नंबर पाचींनी ठरवायचे, आणि पाणीखात्याकडे अर्ज घेऊन जायचं तेही पाचींनीच.

आता किरकिर. हा शब्द आपण तान्ह्या बाळासाठीही वापरतो. बाळ किरकिर करू लागलं की आपण काय करतो? कपाळाला हात लावतो, लंगोट बघतो, पोट दुखतंय का, कान दुखतोय का ते पाहतो. किरकिरीला कारण असणारच, हे आपण धरूनच चालतो. तीच किरकिर त्या बाळाच्या आईनं केली, की म्हणतो, “झाली हिची सुरू!” तिच्या कपाळाला कुणी हात लावत नाही.

चिडचिडीला शरीरातली कारणंही असतात. अंगात रक्त कमी असेल तर जिना चढताना धाप लागते, थकवा येतो, जीव वैतागतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेलं तर ते कमीच. थायरॉइडचा त्रास, पाळी जाण्याच्या वयातली रात्रीची जाग आणि घाम, यांनीही माणूस तडकतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल आणि बारीकसारीक गोष्टीवरून संताप येत असेल, तर ते मनाचं आजारपण असू शकतं. पुरुषांमध्ये तर ते बऱ्याचदा रागाच्याच रूपात दिसतं, आणि आपण त्याला ‘तापट’ म्हणून सोडून देतो.

भांडण चालू असताना छाती धडधडते, बीपी चढतं. म्हणून तणतणत येऊन लगेच बीपी मोजू नका. पाच मिनिटं शांत बसा, मग मोजा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही ते 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर ते रागाचं नाही, आजाराचं आहे; डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तर ‘भांडणामुळे झालं असेल’ म्हणून घरी पडून राहू नका.

सगळ्यांत घातक शब्द आम्हांला ‘कुरबुर’ वाटतो. हात सुजलेली बाई म्हणते, “घरात जरा कुरबुर झाली, मोरीत पाय घसरला.” शेजारी म्हणतात, भांड्याला भांडं लागायचंच. पण दर वेळी पोचा एकाच भांड्याला पडत असेल, तर ते भांडण नव्हे, मारहाण आहे. पेपरातही ‘किरकोळ कारणावरून’ असं छापून येतं आणि पुढची ओळ वाचावी तर बाई जिवानिशी गेलेली असते.

2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा नुसत्या मारापुरता नाही. घाणेरड्या शिव्या, सतत अपमान, घरखर्चाला पैसे न देणं, हेही त्यात येतं. म्हणून दवाखान्यात केसपेपर लिहिताना पाय घसरला म्हणू नका. कुणी, कशानं मारलं ते सांगा आणि तसंच लिहून घ्यायला लावा; तो कागद पुढे पुरावा म्हणून कामी येतो. महिलांसाठी 181, तातडीची मदत लागली तर 112, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर. शेजारची कुणी ‘जरा कुरबुर झाली’ म्हणाली, तर चारचौघांत विचारू नका. तिला पाण्याच्या किंवा भाजीच्या निमित्तानं बाजूला घ्या आणि विचारा, “कुरबुर म्हणजे काय काय झालं गं?”