बोळातला दिवा आणि महापालिकेचा फॉर्म

गटार तुंबले, दिवा गेला की आपल्या मोहल्ल्यातले चार जण नगरसेवकाच्या घरी जातात. "भाई, जरा बघा ना." भाई 'बघतो' म्हणतात. मग आपण वाट बघतो. शहराच्या कारभारात आपला सहभाग बहुतेक एवढाच. पैसा कुठे खर्च करायचा हे ठरते, तेव्हा आपण तिथे नसतो.

पुण्यात मात्र ठरण्याआधी बोलायची एक वाट आहे. महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायला सुरुवात केली. आपल्या भागात पुढच्या वर्षी कोणते छोटे काम हवे, ते फॉर्मवर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे. फुटपाथ, पथदिवा, बसथांबा अशी कामे. एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा. अधिकारी जागा आणि खर्च तपासतात, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि मंजूर काम अंदाजपत्रकात येते.

आमच्या शाळेमागच्या बोळात दिवा नव्हता. थंडीत शिकवणी सुटेपर्यंत मगरिब होऊन गेलेली असते. दोन मुलींची शिकवणी घरच्यांनी बंद केली, तेव्हा आम्ही शिक्षक जागे झालो. खरे तर आधीच व्हायला हवे होते.

त्या वर्षी आम्ही फॉर्मवर लिहिले, 'आमच्या भागात दिवे लावावेत.' काम अंदाजपत्रकात आले नाही. चौकशीला गेलो, तर कारकुनाने आमचाच फॉर्म समोर ठेवला. "भाग म्हणजे नेमका कुठे? बोळ महापालिकेचा की खासगी? खांब आहे का?" एकाचेही उत्तर आम्ही लिहिलेले नव्हते. मुद्दा सुटला म्हणून मुलांचे गुण कापणारे आम्ही!

पुढच्या वेळी मुलींच्या अम्मींनी काम हातात घेतले. कोणत्या वळणावर अंधार, जुना खांब कोणाच्या दारासमोर, हे त्यांना तोंडपाठ होते. रोज त्याच वाटेने रेशन आणतात ना! बोळ पावलांनी मोजला. एका मुलीने वहीच्या पानावर नकाशा काढून दोन दिव्यांच्या जागा दाखवल्या. फॉर्मची पोच मागून घेतली, दर महिन्याला विचारणा केली. दोनपैकी एक दिवा लागला. त्या मुलींपैकी एक शिकवणीला परत आली.

फॉर्म घ्यायला सुरुवात झाल्याची सूचना शाळेत, मशिदीबाहेरच्या फलकावर लागायला हवी. नाकारलेल्या कामापुढे कारणही हवे. ते मिळाले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे : १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर.

मोठे निर्णय या फॉर्मवर होत नाहीत, हे मान्य. पण शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घ्यायचा हक्कही कायद्याने दिला आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि राज्य सरकारला तो नव्याने करायला सांगावे लागले.

आमच्या दुसऱ्या दिव्याची जागा खासगी निघाली. भिंतीवर दिवा लावू द्याल का, हे विचारायला येत्या जुम्म्यानंतर मालकांकडे जायचे आहे. शेजारच्या खाला म्हणतात, तिथे फॉर्म नेऊ नका, मला न्या.