खेळाच्या टेबलावरील पाचवी खुर्ची



कामगार चळवळीत उमेद घालवलेल्या माणसाने अमेरिकेतल्या चित्रकथांवर बोलावे, हे आपल्याला विपरीत वाटेल. पण जिथे चारपाच माणसे एका टेबलाभोवती बसून हमरीतुमरीवर येतात, तिथे मला घरच्यासारखे वाटते. माझे निम्मे आयुष्य तशाच टेबलांशी गेले.

प्रथम खेळ सांगतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो : समोर भुयार आहे, तोंडाशी राक्षस आहे. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते बोलतात. यशापयश फाशांवर ठरते. त्यांतला एक फासा वीस बाजूंचा असतो. आपले दशावतारी नट उभ्या उभ्या संवाद रचतात, तशातलाच प्रकार.

या खेळाच्या १९७८ च्या नियमपुस्तकात योद्ध्याच्या बळाची कमाल पातळी अठरा, आणि तिच्यापुढे शंभरांपैकी एक आकडा. पुरुषाला तो पुरा शंभरापर्यंत मिळे. मानवी स्त्रीला पन्नासाशीच थांबावे लागे. आपल्याकडे समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला होता. तिकडे कल्पनेतल्या मजुरीतही निम्म्याची कपात! १९८९ च्या आवृत्तीत ती गेली.

आता चित्रकथा. १९८४ साली जॅक चिक यांनी ‘डार्क डंजन्स’ ही पुस्तिका काढली, ती खेळाच्या विरोधात. गंमत अशी की तिच्यात टेबलाची सूत्रे मिस फ्रॉस्ट नावाच्या बाईच्या हाती आहेत, आणि डेबी व मार्सी या मुली खेळतात. मार्सीचे पात्र मरते म्हणून तिला टेबलावरून उठवतात, आणि ती गळफास घेते. म्हणजे स्त्रियांना जागा मिळाली, पण एक भुलवणारी आणि बाकीच्या भुललेल्या.

खेळणाऱ्यांच्या स्वतःच्या चित्रकथांत मला मोलाची वाटते ती जॉली ब्लॅकबर्न यांची ‘नाइट्स ऑफ द डिनर टेबल’. ती १९९० साली सुरू झाली. बी. ए. हा सूत्रधार. बॉब आणि डेव्ह दिसेल त्यावर तलवार चालवतात. ब्रायन नियमांतली पळवाट काढतो. पाचव्या खुर्चीवर बी. ए.ची नात्यातली बहीण सारा. ती म्हणते, आधी त्या राक्षसाशी बोलून तर पाहू. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच फासे पडलेले असतात. वाचक हसतो तो पुरुषांना. सारा शोभेची बाहुली नाही, कुणाची प्रेयसी म्हणून आणलेली नाही. हे थोडे नव्हे.

तरी मला एक खुपते. विनोदी कथेत ज्याला मूर्खपणा करता येतो, तोच खरा नायक. बॉबने हजार चुका केल्या तरी तो बॉबच. साराच्या वाट्याला बहुधा शहाणपण येते, आणि शहाणपणावर कोण हसणार?

हे मला कळले ते आमच्या समितीमुळे. तिच्यात एकच बाई होत्या. आम्ही तासभर ओरडायचो आणि शेवटी म्हणायचो, “बाई, आता तुम्हीच सांगा.” याला मी मान समजत होतो. एका संपात त्यांनी सांगितले की रात्रपाळी बाहेर पडेल. ती पडली नाही. हीच चूक मी दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा पुन्हा निवडून आलो होतो. बाईंबद्दल मात्र मंडळी म्हणाली, “बायकांना घेतले की असेच व्हायचे.” मी गप्प बसलो. पुढच्या निवडणुकीत त्यांनी अर्जच भरला नाही.

जॉन कोव्हॅलिक यांच्या ‘डॉर्क टॉवर’मध्ये केली ही नायकाच्या खेळाला कंटाळलेली मैत्रीण आहे, हा साचा जुनाच. काळे कपडे घालून सदा आनंदी असणारी गिली तिच्यापेक्षा पुष्कळ जिवंत.

आणि २०१८ साली सुरू झालेली कीरन गिलन व स्टेफनी हान्स यांची ‘डाय’. तिच्यात प्रौढ वयात पुन्हा त्या खेळात ओढली गेलेली माणसे आहेत. अँजेला आणि इझाबेल चिडतात, भलते निर्णय घेतात, आणि त्या चुका त्यांच्या स्वतःच्याच नावावर लिहिल्या जातात. पुस्तक मात्र हसण्याचे नाही. हसायचे असेल तेव्हा मी अजून साराच्या टेबलाकडेच जातो.