उभ्या आकाशकाच्या भूमीतील तारा

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामीच्या लाटा उसळल्या आणि अंदमान बेटांवरील दूरध्वनी-व्यवस्था कोलमडली. त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या हौशी बिनतारी-चालकांनी आपल्या लहानशा संचांवरून अनेकांचे क्षेमकुशल मुख्य भूमीवर कळविले. अशा संचाची शक्ती बहुधा १०० वॉटच्या आसपास, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकीच असते. एवढ्या अल्प शक्तीतील किती वाटा आकाशात जातो व किती मातीत जिरतो, यावर पुष्कळदा संदेश ऐकू येणार की नाही हे ठरते. मातीत जिरणारा हा वाटा कसा वाचवावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्याला व्यवहारात आपण एरियल किंवा अँटेना म्हणतो, त्याला शास्त्रीय परिभाषेत आकाशक अशी संज्ञा आहे. हौशी चालकांमध्ये उभा आकाशक विशेष लोकप्रिय आहे. कारण त्याला जागा थोडी लागते व त्याच्या लहरी क्षितिजालगत सर्व दिशांना सारख्या पसरतात. त्याची उंची सामान्यतः तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवतात. ७.१ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर असते. म्हणून तिच्यासाठी साडेदहा मीटरांच्या आसपास उंचीचा दांडा पुरतो.

परंतु हा दांडा म्हणजे संपूर्ण आकाशक नव्हे. विद्युत् प्रवाहाला जाण्याची वाट असते तशी परत येण्याचीही वाट असावी लागते. विजेरीच्या एकाच टोकाला तार जोडली तर दिवा लागत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मार्कोनीने १८९५ च्या सुमारास आपल्या प्रेषकाचे एक टोक उंच तारेला व दुसरे जमिनीला जोडले, त्यातील मर्म हेच होय. दांड्याभोवतालचे विद्युत् क्षेत्र चहूबाजूंच्या जमिनीवर टेकते आणि तेथून प्रवाह जमिनीतूनच दांड्याच्या पायथ्याकडे परततो. भूमी ही अशा रीतीने आकाशकाचा दुसरा अर्धा भाग असते.

हा दुसरा भाग मात्र सदोष असतो. समुद्राचे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. सामान्य माती त्याच्या सुमारे एक सहस्रांश इतकीच वाहक असते, आणि कोरडी वाळू किंवा खडक त्याहूनही कमी. अशा मातीतून प्रवाह जाऊ लागला की त्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शिवाय सर्व दिशांनी येणारा प्रवाह पायथ्याशी एकवटत असल्यामुळे तेथे त्याची दाटी सर्वाधिक असते व हानीही तेथेच सर्वाधिक होते.

यावरील उपाय म्हणजे अरीय तारा. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यापासून जसे बाहेर पसरतात, तशा तांब्याच्या तारा पायथ्यापासून सर्व दिशांना पसरावयाच्या. परतणाऱ्या प्रवाहाला मातीऐवजी तांब्याची सुलभ वाट मिळते. आणि जेथे प्रवाहाची दाटी, तेथेच तारांचीही दाटी असते.

हा लाभ आकड्यांतही मांडता येतो. पाव तरंगलांबीच्या दांड्याचा प्रारण-रोध सुमारे ३६ ओहम असतो. या रोधात खर्च होणारी शक्ती आकाशात जाते. भूमीचा रोध ३० ओहम असेल, तर एकूण ६६ ओहमांपैकी ३६ ओहमच उपयोगी पडतात. म्हणजे १०० वॉटपैकी सुमारे ५५ वॉट बाहेर पडतात व ४५ वॉट माती तापविण्यात जातात. तारा पसरून भूमीचा रोध ४ ओहमांवर आणला, तर तोच दांडा ९० वॉट बाहेर टाकतो. संच तोच, दांडाही तोच. फरक केवळ पायाखालच्या तारांचा.

येथे एका फसव्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. संच व आकाशक यांना जोडणारी समाक्ष केबल बहुधा ५० ओहमांची असते, आणि त्यांची जुळणी पाहण्यासाठी स्थिरतरंगांचे गुणोत्तर मोजणारा मापक वापरतात. समजा, भूमीचा रोध १४ ओहम आहे. ३६ आणि १४ मिळून बरोबर ५० होतात, व मापक १ हे आदर्श गुणोत्तर दाखवितो. चालक समाधान पावतो. पण शंभरातील २८ वॉट मातीत जात असतात. पुढे त्याने आणखी तारा पसरल्या व भूमीचा रोध ४ ओहम झाला, तर एकूण रोध ४० होतो आणि मापक १.२५ दाखवू लागतो. काही तरी बिघडले असे समजून तो नव्या तारा काढून टाकील, तर सुधारणेलाच मुकेल! मापक केवळ जुळणी सांगतो. शक्ती आकाशात गेली की मातीत, हे तो सांगू शकत नाही.

तारा किती असाव्यात? अमेरिकेतील ब्राऊन, लुईस व एप्स्टीन या अभियंत्यांनी ३ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर २, १५, ३०, ६० व ११३ तारा पुरून पद्धतशीर प्रयोग केले आणि १९३७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तारा थोड्या असल्या तर त्यांची लांबी वाढवून फारसे साधत नाही. पुष्कळ असल्या तरच लांबी फलदायी होते, असे त्यांना आढळून आले. मध्यम लहरींच्या अमेरिकन नभोवाणी केंद्रांसाठी पुढे १२० तारांची, म्हणजे दर तीन अंशांना एक तार अशी, प्रथा पडली. हौशी चालकाला इतक्या तारांची गरज नसते. ८० मीटर तार हाताशी असल्यास २० मीटरांच्या ४ तारांपेक्षा ५ मीटरांच्या १६ तारा अधिक हितकर होत. आरंभी ८ तारा जोडून पायथ्याशी रोध मोजावा, मग १६, मग ३२ जोडून पुनःपुन्हा मोजावा. तारा दुप्पट करूनही रोध फारसा उतरेनासा झाला की थांबावे. जमिनीवर टाकलेल्या तारांची लांबी अगदी काटेकोर असण्याचे कारण नाही; जागा अपुरी असल्यास त्या वळविल्या तरी चालते.

तारांची जोडणीही तितकीच महत्त्वाची आहे. पायथ्याशी तांब्याचे कडे किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवून तिला भोवताली छिद्रे पाडावीत. प्रत्येक तारेच्या टोकाला थिंबल बसवून ते स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने व वॉशरने घट्ट आवळावे. केबलची बाहेरील जाळी या कड्याला आणि मधली तार दांड्याला जोडावी. दांडा मात्र जमिनीपासून निरोधकाने अलग ठेवावा. तांबे व ॲल्युमिनियम एकमेकांना थेट भिडू देऊ नयेत. ओलाव्यात त्यांचा विद्युत् घट बनतो व ॲल्युमिनियम झिजत जाते. मातीत पुरलेले साध्या डाखाचे सांधे कालांतराने खराब होतात. म्हणून सांधे शक्यतो जमिनीच्या वर, तपासता येतील असे ठेवावेत. तारा गवतात वाकड्या आकड्यांनी दाबून बसविल्या किंवा चार-पाच सेंटिमीटर खोल पुरल्या म्हणजे पुरे.

एकदोन मीटर खोल ठोकलेली सळई या तारांचे काम करू शकत नाही. तिच्याभोवतालची मातीच प्रवाहाला अडविते. मात्र विजेपासून संरक्षणासाठी ती आवश्यक आहे व कड्याला जोडलेली असावी. तारा जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच ताणल्या, तर पाव तरंगलांबीच्या चार तारांवरही चांगले काम भागते. तथापि प्रेषण चालू असताना त्यांच्या मोकळ्या टोकांशी उच्च विद्युत् दाब असतो. म्हणून त्या माणसांच्या व गुराढोरांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.

आकाशकाची उंची रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. गवताखालच्या तारा कोणालाच दिसत नाहीत. म्हणून नवखा चालक सारा खर्च दांड्यावर करतो आणि चार तारांवर भूमीची बोळवण करतो. त्याने दांडा थोडा साधा घेऊन उरलेल्या पैशांत तार घेतली, तर दूरच्या श्रोत्याला त्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येईल.