फडातली मारामारी आणि मेंदूचा मार

जत्रा म्हटली की कुस्तीचा फड आलाच. केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्मापुरीच्या परिसरातही हलगी कडाडली की माणसे फडाभोवती गोळा होतात. निकाल पटला नाही तर कधी हातघाई होते. ‘खेळात चालायचंच’ म्हणून गावापुरता विषय संपतो. डॉक्टरांसाठी तो तिथे सुरू होतो.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालाच्या वादातून मल्ल शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांच्यावर ३ वर्षांची बंदी घालण्यात आली. निर्णय बरोबर की चूक, हा वाद वेगळा. लाथ हे त्याचे उत्तर नव्हे. कुस्तीत ताकदीला मुभा आहे, ठोशाला नाही.

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत वेगळे घडते. तिथे ठोसेबाजी करणाऱ्याला ५ मिनिटे बाहेर बसवतात आणि पुन्हा खेळू देतात. ठोशाच्या धाकाने घाणेरडा खेळ आवरतो, असे समर्थक म्हणतात. त्याच मारामारीसाठी नावाजलेला डेरेक बूगार्ड २०११ मध्ये वयाच्या २८व्या वर्षी वेदनाशामके आणि दारू यांच्या मिश्रणाने दगावला. त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडलेला मेंदूच्या ऱ्हासाचा आजार आढळला.

मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. ठोसा बसला की डोके झटक्याने वळते आणि आत मेंदू हेलकावतो, पेशींचे तंतू ताणले जातात. याला कन्कशन म्हणतात. बाहेर जखम नसते, शुद्ध हरपतेच असे नाही, सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो. म्हणून ‘काही झालं नाही’ असे वाटते. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो जास्त घातक ठरू शकतो. हा मार नियमाने बसला की नियम मोडून, हे मेंदूला कळत नाही.

डोक्याला मार लागून चक्कर, गोंधळ, विसर पडणे किंवा अंधारी आली, तर खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. पहिले २४ तास त्याला एकटे सोडू नये, दारू देऊ नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, न उठणारी झोप, झटके, हातापायात कमजोरी किंवा बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्यास वेळ न घालवता १०८ रुग्णवाहिका बोलवावी आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारखे मोठे रुग्णालय गाठावे.

जत्रा समितीला खर्चाविना दोन नियम करता येतील. ठोसा मारणाऱ्याची कुस्ती तिथेच रद्द, इनामही नाही. ठोसा बसलेला त्या दिवशी पुन्हा फडात नाही, मग तो कितीही ‘ठणठणीत आहे’ म्हणो. मोडलेला हात प्लास्टरमध्ये घालता येतो. मेंदूला प्लास्टर नाही.