काविळीची साथ आणि आपलं स्वयंपाकघर

कोविडच्या वेळी घरोघरी भाज्या साबणाने धुतल्या, दुधाच्या पिशव्यांवर सॅनिटायझर मारलं. त्यातून एक समज मागे राहिला, साथ आली की बाटली बाहेर काढायची. काविळीच्या साथीत हा समज महागात पडू शकतो.

साथीची कावीळ बहुधा हेपटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते. ते विष्ठेतून पाण्यात आणि तिथून पोटात जातात. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत पसरलेली साथ ई ची होती. नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. कोरोनाभोवती चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. पाण्यातून येणाऱ्या या विषाणूंना तसं आवरण नाही, म्हणून सॅनिटायझरचा इथे भरवसा नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवायचे, एवढंच.

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण हे वाचायला घेतलं कारण मावसबहीण बाळंतपणासाठी आमच्या घरी आलीय, आठवा महिना आहे, आणि गल्लीत दोघांना कावीळ झालीय. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झाला, तर शंभरात वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावू शकतात. मम्मीला हा आकडा सांगितल्यावर मोठं पातेलं लगेच गॅसवर चढलं.

पाणी खळखळ उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्यावं, झाकून गार करावं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, पाणी साठवावंच लागतं. मग माठात तांब्यासकट हात बुडवला की सगळी मेहनत फुकट! ओगराळं वापरा.

उकळत्या आमटीची, भाताची काळजी नाही. चुकतं ते शिजवून झाल्यावर. वरून भुरभुरलेली कोथिंबीर, चटणी वाटताना घातलेलं पाणी, कोशिंबीर, सरबतातला बर्फ. गोठवल्याने हे विषाणू मरत नाहीत. कच्चं खायचं ते उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावं. फळं घरीच सोलावीत.

रोग्याचं ताट वेगळं ठेवून आपण निर्धास्त होतो. पण डोळे पिवळे दिसायच्या आधीपासूनच तो विषाणू बाहेर टाकत असतो. म्हणून रांधणाऱ्या आणि वाढणाऱ्या प्रत्येकाने संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागताना हात धुवायचेच. (जेवणातली हळद बंद करून मात्र काही साधत नाही.)

आणि ताक! दूध उकळलेलं, दही घरचं, पण घुसळताना पाणी कुठलं घातलं, तेवढं विचारा.