सयामी मांजर: ऊब आणि गारवा रंगवतो हिचं अंग!

मूळ देश थायलंड, म्हणजे पूर्वीचा सयाम. तिथल्या जुन्या सचित्र हस्तलिखितांत हिची वर्णनं आहेत. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मांजरांच्या प्रदर्शनात ही झळकली. 1878 मध्ये बँकॉकहून एक सयामी मांजर थेट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हेझ यांच्या घरी भेट म्हणून रवाना झाली.

🐾 रूप: सडपातळ, लांबसडक अंग, आखूड मऊ केस, मोठे कान आणि गडद निळे डोळे.

🐾 रंग: पिल्लं जन्मतः जवळपास पांढरी असतात. रंगद्रव्य तयार करणारं हिचं विकर उष्णतेत काम करत नाही. आईच्या पोटात ऊब असते, म्हणून रंग चढत नाही. जन्मानंतर कान, तोंड, पंजे, शेपटी हे तुलनेनं थंड भाग काळसर होत जातात. उरलेलं अंग फिकटच राहतं.

🐾 स्वभाव: अतिशय बोलकी! आवाज मोठा आणि खर्जातला. माणसाच्या मागे मागे फिरते, हुशार आहे, खेळकर आहे. एकटेपणा मात्र सोसत नाही. घर दिवसभर बंद राहत असेल, तर हिला सोबतीला दुसरं मांजर हवंच.